माननीय आरोग्यमंत्री, कॅल्शियमची गोळी बाळंतपणानंतर सहा महिन्यांतच का थांबते?

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आशा स्वयंसेविका आहे. गरोदर बाईला चौथा महिना लागला की तिला कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या सुरू होतात. एका गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट ड जीवनसत्त्व. लोहाची गोळी हिच्यासोबत घ्यायची नाही, एकीमुळे दुसरी अंगी लागत नाही, हे मी दारोदारी सांगते. योजना चांगली आहे, बाया गोळ्या घेतातही. पण बाळ सहा महिन्यांचं झालं की गोळी बंद होते, आणि त्यानंतर त्या बाईच्या हाडांची चौकशी कुणीच करत नाही.

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या सासूबाई न्हाणीत घसरल्या. पडणं मोठं नव्हतं, उकिडव्या बसल्या होत्या त्या बाजूला कलंडल्या. खुबा मोडला. वय अठ्ठावन्न. डॉक्टरांनी विचारलं, पाळी कधी गेली? त्या म्हणाल्या, "पिसवी काढली तवापासूनच नाई." तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या. अंगावरून पांढरं जायचं म्हणून एका दवाखान्यात ऑपरेशन झालं होतं. गर्भाशयासोबत बीजकोशही (अंडाशय) काढले का, हे त्यांना माहीत नाही, मामंजींना माहीत नाही, आणि कागद घरात कुठेच सापडला नाही.

साहेब, सगळा प्रश्न त्या हरवलेल्या कागदात आहे. हाड आमच्या सारवलेल्या भिंतीसारखं असतं. जुना थर खरवडला जातो, नवा लिंपला जातो, जन्मभर. खरवडण्याला आवर घालतं इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन, आणि ते मुख्यतः बीजकोशात तयार होतं. पाळी आपोआप गेली तरी पहिली पाच-सात वर्षं हाडांची झीज वेगानं होते. ऐन तिशीत बीजकोश काढले तर तीच झीज पंधरा-वीस वर्षं आधी, एकदम सुरू होते. बीजकोश ठेवले तरी अशा बायांची पाळी जाण्याचं वय पुष्कळदा अलीकडे सरकतं, आणि रक्तस्राव तर आधीच थांबलेला, म्हणून ते कळतही नाही. ऑपरेशनच्या वेळी हे त्यांना कुणी सांगत नाही.

त्यात ताटात काय पडतं ते बघा. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला १२००. रक्तात ते जरा कमी पडलं की गळ्यातल्या मसुरीच्या दाण्याएवढ्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडातून काढून रक्तात आणतात, कारण हृदय आणि स्नायू त्यावाचून चालत नाहीत. कणगीतलं बियाणं काढून दळण करावं, तसंच हे. ज्वारीत कॅल्शियम फारसं नव्हतं, पण ज्वारीसोबत कडबा होता आणि कडब्यावर म्हैस होती. आता वावरात कापूस आणि सोयाबीन. दूध डेअरीला जातं, घरात कोरा चहा. पावसाळ्यात तरोट्याची, अंबाडीची भाजी व्हायची, ती पोरींना आता गरिबीची वाटते. तीळ तेवढे संक्रांतीला.

उन्हाची तर मोठी नवलाई. कापूस वेचणारी बाई सकाळपासून उन्हात असते, मग ड जीवनसत्त्व कमी कसं? एकदा आमच्या शिवारात येऊन बघा. अंगात नवऱ्याचा फुलबाह्यांचा सदरा, डोक्याला, तोंडाला फडकं, कमरेला ओटी, उघडे फक्त डोळे आणि बोटं. पऱ्हाटीचे ओरखडे आणि फवारणीची भीती, झाकून घेतल्याशिवाय इलाज नाही. कातडीला ऊन मिळत नाही, आणि ड जीवनसत्त्वावाचून पोटात गेलेलं कॅल्शियमही नीट अंगी लागत नाही.

मग कंबर धरते, गुडघे धरतात. बाजारच्या दिवशी कुणी पुडी देतो, कुणी सुई टोचतो, दुसऱ्या दिवशी बाई टुणटुणीत. अशा पुड्यांत, सुयांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. तेही एक हार्मोनच, आणि महिनोन्‌महिने घेतलं तर हाड पोखरतं. याच्यावर धाड घालणं आशाच्या हातात नाही, तुमच्या आहे. जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, आणि कॅल्शियम कमी असलेल्या अंगात ते जास्त त्रास देतं. तिथल्या नळयोजना हा हाडांचाही प्रश्न समजावा.

माझं मागणं फार खर्चाचं नाही. शाळेत मुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, तशी कॅल्शियमची काळजीही त्याच वयात घ्या. पाळी आल्यावर एक-दोन वर्षांत उंची जवळजवळ थांबते, म्हणून आयांना वाटतं पोरीची वाढ संपली. हाडं मात्र त्यानंतरही विशीपर्यंत भरत राहतात, आणि तेव्हा भरलेलं साठीत कामी येतं. तिशीपुढच्या बायांची आम्ही रक्तदाब, साखर, कॅन्सरची तपासणी करतो. त्याच फॉर्ममध्ये पाळी कधी गेली आणि साध्या पडण्यानं हाड मोडलं का, एवढं विचारू द्या. गर्भाशय काढलेल्या प्रत्येक बाईला, बीजकोश ठेवले की काढले, हे मराठीत लिहिलेलं कार्ड मिळालंच पाहिजे, दवाखाना सरकारी असो की खासगी. आणि अशा बायांना डॉक्टरी सल्ल्यानं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आमच्या आरोग्य उपकेंद्रातच मिळावं.

सासूबाई आता वॉकर धरून ओट्यापर्यंत येतात. मी माझ्या वहीत तीन रकाने आखले आहेत: पिशवी काढली का, कोणत्या वर्षी, बीजकोश आहेत का. गावातल्या बायांना विचारत फिरते. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी "माहीत नाही" असंच लिहावं लागलं आहे. ती वही मी तुम्हाला दाखवायला तयार आहे.

आपली,
एक आशा स्वयंसेविका
जिल्हा यवतमाळ