अनारशांवरची खसखस

स्टॉक्टन, कॅलिफोर्निया
22 फेब्रुवारी 2026

ती. आप्पा आणि आई,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. तब्येत चांगली आहे, जेवण वेळेवर आहे, थंडी ओसरत आली आहे. म्हणजे आईचे तिन्ही प्रश्न मिटले.

फोन करायच्या ऐवजी पत्र लिहितोय, कारण फोनवर आप्पा "हं, बरं आहे ना? घे, आईशी बोल" एवढं म्हणून फोन पुढं करतात. मला आईशी बोलायचंच असतं, पण यावेळी जे सांगायचंय ते आप्पांना सांगायचंय.

आप्पा, मंगळवारपासून मी परत गाडीवर आहे. "परत" वाचून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. कारण गेले नऊ महिने मी तुम्हाला गाडीवरच आहे असं सांगत होतो. नव्हतो. ट्रेसीला एका गोदामात खोकी उचलत होतो. रात्रपाळी. मागं कसला आवाज येतोय असं आई विचारायची तेव्हा मी इंजिनाचा म्हणायचो. तो पट्ट्यावरून जाणाऱ्या खोक्यांचा आवाज होता.

ताईला अर्धं माहीत आहे. तिला मी सांगितलं होतं की ट्रकवाल्यांची नशेची टेस्ट घेतात त्यात काहीतरी निघालं, बहुतेक आईनं पाठवलेल्या अनारशांवरच्या खसखशीमुळं. ते खोटं होतं. खसखशीनं दिसतं ते अफूच्या जातीचं, आणि त्याची मर्यादा इथं 1998 सालीच बरीच वर नेली आहे, तीही खाणाऱ्यांवर आळ येऊ नये म्हणूनच. माझ्यात निघाला तो गांजा.

आता हे वाचून लगेच देवापुढं जाऊन बसू नका. आधी पुढचं ऐका.

तुम्ही ताईला विचारलंत म्हणे, "प्यायला लागला का?" नाही, आप्पा. दारूला हात लावलेला नाही. चिलीम नाही, विडी नाही. इथं गांजा राज्याच्या कायद्यानं उघड मिळतो. 2018 पासून दुकानं आहेत, सराफाच्या पेढीसारखी, काचेची कपाटं, दारात रखवालदार, ओळखपत्र दाखवून आत. त्यात रंगीत गोळ्याही असतात, लहानपणी विट्याच्या बाजारात जेलीच्या मिळायच्या तशा. माझ्या खोलीतला मुलगा झोपेसाठी घ्यायचा. मला दिवसा झोप लागत नव्हती. इथं 11 तास चालवलं की 10 तास सक्तीची विश्रांती. पण ती विश्रांती कुठं, तर ट्रकच्या मागच्या बर्थवर, भर उन्हात, शेजारी थंड मालाच्या गाडीचं यंत्र घरघरतंय. तुम्ही रातराणी नेऊन परळच्या विश्रांतिगृहात ढेकणांत झोपायचा, आणि वर गाढ झोपायचा, हे मला माहीत आहे. मला नाही जमलं. तीन आठवडे सुट्टीच्या दिवशी एकेक गोळी खाल्ली. गाडी चालवताना कधीच नाही. हे शपथेवर.

पण टेस्टला तुम्ही कधी खाल्लं याच्याशी देणंघेणं नसतं. ते अंगात राहतं, रोज खाणाऱ्याच्या तर कित्येक आठवडे. आणि राज्यानं परवानगी दिली तरी मोठी गाडी चालवणाऱ्याला केंद्राचा नियम लागतो, त्यात सुट्टी-बिट्टी काही नाही. हे मला माहीत नव्हतं असं मी कंपनीला सांगितलं. टेस्टचा निकाल बघणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा त्यांनाही म्हणालो की मला वाटलं ती बिननशेची गोळी आहे. ते म्हणाले, तरी कारण म्हणून चालत नाही. नमुना दोन बाटल्यांत ठेवतात, त्यातली दुसरी तपासून मागायला 72 तास होते. मी मागितली नाही. कारण पाकिटावर काय लिहिलंय ते मी वाचलं होतं, आप्पा.

त्याच दिवशी किल्ली काढून घेतली. इथं सगळ्या देशाची एक वही आहे, क्लिअरिंगहाऊस म्हणतात, कॉम्प्युटरवरची. त्यात नाव लागलं की कुठलीच कंपनी गाडीवर बसवत नाही, आणि 2024 च्या नोव्हेंबरपासून राज्य सरकार मोठ्या गाडीचं लायसनही काढून घेतं. माझं जुलैत गेलं. (टीव्हीवर परदेशी ट्रकवाल्यांची लायसन्स काढून घेतल्याच्या बातम्या दाखवतात, ते वेगळं प्रकरण. माझं ग्रीन कार्ड पक्कं आहे. आई, त्या बातम्या बघत जाऊ नको.)

आता एक प्रकार सांगतो, त्यावर आपल्याकडं कुणाचा विश्वास बसणार नाही. आई, एवढा भाग तू वाचू नको, आप्पा एकटे वाचतील. मला माहीत आहे की आप्पांचा चष्मा सापडणार नाही आणि तूच मोठ्यानं वाचून दाखवणार. तरी सांगतो.

लघवीची टेस्ट म्हणजे आपल्या दवाखान्यात बाटली देतात आणि कोपऱ्यात पाठवतात, तसं नाही. आधी खिसे रिकामे करायचे. हात धुवायचे. संडासातल्या पाण्यात निळं औषध टाकलेलं असतं. आई आप्पांच्या बनियनला नीळ घालते ना, अगदी तेवढं निळं, म्हणजे कुणी तिथलं पाणी पेल्यात मिसळू नये. पाणी सोडायचं नाही. पेल्याच्या बाहेर एक पट्टी असते, ती चार मिनिटांच्या आत बघतात. 90 ते 100 फॅरनहाइटच्या मध्ये ऊब नसली तर संशय. मग दोन बाटल्यांत भरून तुमच्यासमोर सील करतात आणि सीलवर तुमची अक्षरं घेतात. हे सगळं का, तर इथं खोटी लघवी विकत मिळते. पुडी मिळते, पाण्यात कालवायची. हसू नका, खरंच मिळते.

ही झाली साधी टेस्ट. एकदा नापास झालेल्याची पुढची प्रत्येक टेस्ट माणूस समोर उभा राहून बघतो. बाईला बाई, पुरुषाला पुरुष. सदरा बेंबीच्या वर धरायचा, पँट मांडीच्या अर्ध्यापर्यंत खाली घ्यायची आणि एकदा गोल फिरून दाखवायचं, की कुठं नळी-पिशवी बांधलेली नाही. मग तो बघतो. नुसता खोलीत उभा राहत नाही, धार पेल्यात पडताना बघतो, गोठ्यात शेजारची पोरं बघायची तशी. माझ्या वाट्याला आला तो सत्तरीचा म्हातारा होता, कानात यंत्र. मला काही होईना. बाहेर बसवून पाणी दिलं. तीन तासांत 40 औंसांपर्यंत पाणी देतात, म्हणजे सव्वा लिटरच्या आतबाहेर. तेवढ्यातही झालं नाही आणि डॉक्टरी कारण नसलं तर टेस्टला नकार दिला असं धरतात, आणि नकार म्हणजे परत पहिल्यापासून. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसलो. तेवढ्यात म्हाताऱ्यानं विचारलं, कुठला? म्हटलं इंडिया. तो म्हणाला, माझी नात योगा करते. मग झालं.

निकाल चांगला आला. वहीतला शिक्का बदलला, लायसन परत मिळालं.

पण त्याच्या आधीचं राहिलं. नापास माणसानं आधी सॅपकडं जायचं, म्हणजे या कामाचा खास सल्लागार. तो तपासतो आणि काय करायचं ते लिहून देतो. मला आठ शनिवारचा वर्ग लावला. पैसे आपल्या खिशातून. नंतर परत त्याच्यासमोर बसायचं, त्यानं "झालं" म्हटलं तरच पुढं. आणि पुढं म्हणजे तरी कुठं? कामावर परतायची टेस्ट आपली आपण देता येत नाही, कुठल्यातरी कंपनीनं पाठवावं लागतं. वहीत नाव असलेल्या माणसाला कोण पाठवणार? ऑगस्टमध्ये माझा वर्ग संपला आणि जानेवारीपर्यंत मी फोनच करत होतो. एका ठिकाणी बाई "ओह" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. तो "ओह" मला अजून ऐकू येतो. शेवटी एका सरदारजींच्या बारा गाड्यांच्या कंपनीनं घेतलं. त्यांची ओळख गुरुद्वारात झाली. इथला गुरुद्वारा 1912 पासून आहे, अमेरिकेतला सगळ्यात पहिला. त्या महिन्यांत मी रविवारी तिथं लंगरला जायचो. भक्तीनं जायचो असं म्हणणार नाही.

वर्गातलं सगळं सांगत नाही, पुष्कळसं कंटाळवाणंच होतं. एक गोष्ट मात्र तुम्हालाच सांगावीशी वाटली. तिथल्या बाईंनी सांगितलं की हा कायदा कुठून आला. 4 जानेवारी 1987 ला मेरीलँडमध्ये चेस नावाच्या ठिकाणी मालगाडीची नुसती इंजिनं सिग्नल ओलांडून मुख्य रुळावर आली आणि मागून भरधाव येणारी प्रवासी गाडी त्यांच्यावर आदळली. 16 माणसं गेली. इंजिनवाल्यांनी गांजा ओढला होता. आणि सिग्नल बदलला की वाजणारी इशाऱ्याची शिट्टी चिकटपट्टी लावून दाबलेली होती. त्यानंतर 1991 साली कायदा झाला, रेल्वे, विमान, बस, ट्रक सगळ्यांना. तोपर्यंत मी मनातल्या मनात भांडतच होतो, झोपेची गोळी ती केवढी, आणि एवढा तमाशा. त्या चिकटपट्टीपाशी माझं भांडण थांबलं. मला तुमचं आठवलं, एकदा ब्रेकची हवा धरत नाही म्हणून तुम्ही गाडी आगारातून काढली नव्हती आणि साहेबांनी दोन दिवस बिनपगारी केलं होतं. आई चिडली होती. तुम्ही जेवलात आणि झोपलात.

तुमचा विना अपघात सेवेचा बिल्ला मी इथं आणला आहे, हे तुम्हाला माहीत नाही. निघताना आईनं पिशवीत घातला होता. नऊ महिने तो मी खणात उपडा ठेवला होता.

काम आता चांगलं आहे. लांबचं नाही, बर्फाच्या घाटातलं नाही, रोज रात्री घरी. बदामाच्या कारखान्यातून कंटेनर घेऊन ओकलंड बंदराला जायचं. वाटेत आल्टामाँटच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत, आपल्याकडच्या पठारावरच्यासारख्याच, फक्त गवत सोनेरी. बुधवारच्या कंटेनरच्या कागदावर न्हावा शेवा लिहिलेलं होतं. मी गेटवर उगाच दोनदा वाचलं.

टेस्टा अजून आहेत. पहिल्या वर्षात कमीत कमी सहा, न सांगता, आणि सगळ्या त्या म्हाताऱ्यासमोर किंवा त्याच्यासारख्या कुणासमोर. पुढं पाच वर्षांपर्यंत लांबू शकतं. माझं किती लांबणार, ते मला सांगायचं नाही असाच नियम आहे. वहीतलं नावही निदान पाच वर्षं राहणार. काळजी करू नका, सवय होते.

आता पैशाचं. काल 80,000 पाठवले आहेत. त्यातून पतसंस्थेचे थकलेले दोन हप्ते आधी भरा. आप्पा, तुम्ही ठेव मोडलीत हे मला ताईनं सांगितलं. मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "व्याज कमी मिळत होतं." मी कुणाचा मुलगा आहे ते कळलं. ते तीन लाख मी दिवाळीपर्यंत परत ठेवतो. ओढ्याकडच्या गुंठ्यांची बोलणी चालली असतील तर थांबवा. स्लॅब पुढच्या वर्षी.

छकुलीच्या लग्नाचं. अधिक महिना लागायच्या आत, म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकायचं म्हणताय, ते बरोबर आहे. हॉलचे पैसे मी देणार होतो, देतो. पण मला येता येईल असं वाटत नाही. नव्या नोकरीला तीन महिनेही झालेले नसतील, आणि सरदारजींकडं सुट्टी मागायला तोंड नाही. तिला मी अजून सांगितलेलं नाही. कानपिळीला ताईच्या पोराला उभा करा, तो भाऊच शोभतो.

तिकडच्या मंडळींनी मुलीचा भाऊ काय करतो विचारलं तर ट्रक चालवतो म्हणा. मधे का बंद होता असं विचारलं, तर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, तुम्ही सांगाल ते मला मान्य आहे. फक्त खसखशीचं सांगू नका.

आई, गेल्या दिवाळीच्या पार्सलातले अनारसे उघडले तेव्हा माझ्या लक्षात आलं. एकावरही खसखस नव्हती. गुळगुळीत, आंधळे दिसत होते. तू ताईकडून ऐकलंस, काही बोलली नाहीस आणि नुसती खसखस वगळलीस. मी ते रात्री गोदामातून आल्यावर उभ्यानंच खाल्ले. त्या दिवशी लिहायला हवं होतं.

आणि गंमत बघ, आता सॅपनं खरंच सांगितलं आहे की टेस्टा चालू आहेत तोवर खसखस खाऊ नको, उगाच संशयाला जागा कशाला. त्यामुळं मला पाठवशील ते तसेच पाठव. पण छकुलीच्या रुखवतात ठेवशील त्यांवर भरपूर खसखस लाव, आणि ताटाचा फोटो पाठव.

आप्पा, रविवारी फोन करतो. आईकडं द्यायच्या आधी जरा बोला.

आपला,
बाळू