ढवळीच्या डॉक्टरांना अनावृत पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम यांस,

सादर नमस्कार.

साताऱ्यात एकट्या राहणाऱ्या माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, आपण मिळवून दिलेली ढवळी ही कुत्री आता घरात पुरती रुळली आहे. त्याबद्दल आपले आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर लिहिण्याचे कारण असे की, घरातल्या आजारी किंवा वयस्क माणसासाठी कुत्रा आणावा की नाही या विचारात असलेल्या इतरांनाही आपण दिलेला सल्ला उपयोगी पडावा.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर अण्णांना स्टेंट बसवला गेला. रोज चालण्याविषयी हृदयरोगतज्ज्ञांनी बजावले होते, तरी ते घराबाहेर पडायला तयार नव्हते. छातीत जरा कुठे चमकले की त्यांना धास्ती वाटे आणि त्या धास्तीपायी ते दिवसच्या दिवस खुर्चीत बसून काढत. कुत्रा पाळल्याने हृदयाला फायदा होतो असे ऐकून मी आपल्या जनावरांच्या दवाखान्यात आले, ती लॅब्राडोरचे पिल्लू कुठे मिळेल हे विचारायला. आपण पिल्लाचा विषय बाजूला ठेवला आणि अण्णांचीच चौकशी सुरू केली. ते रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेतात का, त्यांचा तोल कधी जातो का, घराला जिने किती आहेत, आणि त्यांना पुन्हा रुग्णालयात दाखल करावे लागले तर कुत्र्याकडे कोण पाहील, हे सारे आपण विचारले. अशा गोळ्या चालू असताना पिल्लाच्या दातांचा साधा ओरखडाही बराच वेळ वाहतो आणि ओढ घेणाऱ्या दांडग्या कुत्र्यामुळे सत्तरी ओलांडलेला माणूस रस्त्यावर पडून खुब्याचे हाड मोडून घेऊ शकतो, हे आपण शांतपणे समजावून सांगितले. पिल्लू विकणाऱ्या कोणीही हे आम्हाला सांगितले नव्हते.

त्या दिवशीचे आपले सर्वांत मोलाचे सांगणे म्हणजे कुत्रा हे औषध नव्हे. आपण उल्लेख केलेले अभ्यास मी नंतर सवडीने वाचले. अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हृदयविकाराचे ९२ रुग्ण होते. ज्यांच्या घरी पाळीव प्राणी होता अशा ५३ जणांपैकी ३ जण वर्षभरात दगावले, तर प्राणी नसलेल्या ३९ जणांपैकी ११ जण. आकडे डोळ्यांत भरणारे असले तरी मुळात धडधाकट आणि हिंडतीफिरती माणसेच प्राणी पाळण्याच्या भानगडीत पडत असतील, तर श्रेय नेमके कोणाला द्यायचे, ही आपली शंका मला रास्त वाटते. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१३ साली हेच तारतम्य राखले: कुत्रा पाळणे आणि हृदयविकाराचा धोका कमी असणे यांचा संबंध असू शकतो, पण केवळ तेवढ्यासाठी प्राणी घरी आणू नये. स्वीडनमध्ये सुमारे ३४ लाख लोकांच्या नोंदी १२ वर्षे तपासून २०१७ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात एकट्या राहणाऱ्या श्वानपालकांमध्ये मृत्यूचा धोका एकट्याच राहणाऱ्या इतरांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आढळला. तोही निरीक्षणाचाच अभ्यास, म्हणजे कुत्र्यामुळेच धोका कमी झाला हे त्यातून सिद्ध होत नाही; तरीही ‘एकट्या राहणाऱ्या’ या शब्दांपाशी मी थांबले, हे कबूल करायला हवे.

आपण सुचवलेली ढवळी चार वर्षांची, गावठी, नसबंदी झालेली आणि स्वभावाने गरीब होती; तिच्या आधीच्या कुटुंबाची बदली झाल्याने तिला घर हवे होते. गळपट्ट्याऐवजी छातीला बांधायचा पट्टा वापरावा, साखळी मनगटाला गुंडाळू नये, अजिंक्यताऱ्याचा चढ हृदयरोगतज्ज्ञांनी परवानगी दिल्याखेरीज चढू नये, असे आपण अण्णांना बजावले. रेबीजची लस दरवर्षी, पावसाळ्यापूर्वी लेप्टोस्पायरोसिसची लस, जंतांचे औषध वेळच्या वेळी आणि फिरून आल्यावर कानांत व बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहणे, हे सारे आपण कागदावर लिहून दिले. तो कागद फ्रिजवर चिकटवलेला आहे, अण्णांच्या गोळ्यांच्या वेळापत्रकाशेजारी.

आता सकाळी सहाला ढवळी दारापाशी जाऊन उभी राहते आणि अण्णांची एकही सबब तिच्यापुढे चालत नाही. मुलीचा फोन टाळता येतो, डॉक्टरांचा सल्ला उद्यावर ढकलता येतो. तिला मात्र बाहेर न्यावेच लागते. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सकाळ-संध्याकाळच्या दोन सपाट फेऱ्यांत अण्णांचा तेवढा व्यायाम सहज होतो. त्यांचा रक्तदाब आटोक्यात आहे. त्यात गोळ्यांचा वाटा मोठा आहे, हे आपणच मान्य कराल. पण रात्री त्यांना झोप लागते, दोन्ही वेळा ताजे जेवण होते (ढवळीसाठी भाकरी करायचीच असते, मग स्वतःसाठीही होते), आणि वर्षानुवर्षे ज्यांच्याशी केवळ मान हलवण्यापुरती ओळख होती त्या माणसांशी गोडोलीच्या रस्त्यावर थांबून बोलणे होते. माझ्या मते खरा गुण या बोलण्याचा आहे, जरी तो कोणत्याही तपासणीच्या अहवालात दिसत नसला.

कुत्रा आपल्या माणसाच्या डोळ्यांत पाहतो तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेले संप्रेरक वाढते, असे जपानी संशोधकांनी २०१५ साली दाखवले होते. मी ते अण्णांना मोठ्या उत्साहाने सांगितले. ‘ती माझ्याकडे नाही, भाकरीकडे पाहते,’ असे त्यांचे उत्तर होते.

दिवसभर गाई-म्हशींचे आजार पाहून झाल्यावर एका अनोळखी मुलीसाठी आपण संध्याकाळचा तासभर खर्च केला, नंतर दोन वेळा घरी येऊन ढवळी आणि अण्णा एकमेकांना कसे सांभाळतात हे पाहिले आणि त्याचे शुल्कही घेतले नाही. या सर्वांसाठी आमचे कुटुंब आपले मनापासून ऋणी आहे. अण्णा आजारी पडल्यास ढवळीला सांभाळण्याची जबाबदारी, आपण सुचवल्याप्रमाणे, शेजारच्या वहिनींनी घेतली आहे. रेबीजच्या लसीची तारीख या महिनाअखेर येते. तिला घेऊन अण्णा स्वतःच दवाखान्यात येतील.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली कृतज्ञ,
अण्णांची मुलगी