ताई, कर्नल टेस्टच्या त्या लाल रात्रींसाठी मनापासून आभार

प्रिय ताई,

तुम्हाला खासगीत थँक्यू म्हणून झालंय आणि दर वेळी तुम्ही "अगं त्यात काय" म्हणून विषय बदललात, म्हणून आता हे उघड पत्र लिहितेय. तुमचं नाव घालत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये, पण आमच्या टीमसाठी तुम्ही जे केलंत ते चार लोकांना कळायला पाहिजे असं मला फार वाटतं. शिवाय व्हीएममध्ये (म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, टेस्ट चालवणारे आपल्याकडे पुण्यात, बंगळुरात बरेच जण आहेत आणि त्यातल्या कित्येकांच्या डॅशबोर्डवर आत्ताही तेच लाल चौकोन, म्हणजे पडलेल्या टेस्ट, असणार जे आमच्याकडे होते, तर त्यांनाही तुम्ही सांगितलेलं उपयोगी पडेल.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमचं काम एका स्टोरेज कार्डच्या लिनक्स ड्रायव्हरचं. रोज रात्री कर्नल बिल्ड होतो, क्यूएमूमध्ये (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) बूट होतो, आत आधी केयुनिट, मग केसेल्फटेस्टमधल्या निवडक टेस्ट, थोडं एलटीपी (तिन्ही कर्नल तपासायच्या टेस्टचे प्रकार), आणि शेवटी आमचा ड्रायव्हर लोड-अनलोड करून बघायचा (कार्डाचं सॉफ्टवेअर मॉडेल क्यूएमूतच लिहिलेलं आहे). हे सगळं आपोआप, माणूस लागत नाही. आणि मग सकाळी येऊन बघावं तर एका रात्री टायमरची टेस्ट पडलेली, दुसऱ्या रात्री ती पास आणि भलतीच कुठलीतरी टाइमआउट, मध्येच आरसीयू स्टॉल, मध्येच सॉफ्ट लॉकअप (दोन्ही म्हणजे सीपीयू बराच वेळ अडकल्याची कर्नलची तक्रार), आणि परत चालवलं की सगळं हिरवं. रिलीज तोंडावर आलेलं, आणि मीटिंगमध्ये असं ठरत आलं होतं की या टेस्ट फ्लेकी आहेत, म्हणजे उगाचच कधी पास कधी फेल, स्किप लिस्टमध्ये (न चालवायच्या टेस्टच्या यादीत) टाका आणि पुढे चला. मला ते पटत नव्हतं पण माझ्याकडे सांगायला मुद्दा नव्हता, नुसतं पटत नाही एवढंच होतं.

तेव्हा तुम्हाला मेसेज केला. तुमच्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे आमच्याकडे रात्रीचे साडेदहा, दिवसभर स्वतःचं काम करून दमून घरी आलेल्या तुम्ही, आणि तरी पहिलं उत्तर काय तर पूर्ण लॉग पाठव. शेवटच्या पन्नास ओळी नकोत, कर्नलच्या पहिल्या ओळीपासून पाहिजे, आणि क्यूएमूचं स्वतःचं स्टँडर्ड एररही, म्हणजे त्याचे चुकांचे संदेशही, पाहिजे. आमची जुनी स्क्रिप्ट ते स्टँडर्ड एरर सरळ डेव्ह-नलला पाठवत, म्हणजे फेकून देत, होती, कुणी लिहिली कधी लिहिली कुणास ठाऊक, पण तुम्ही मागितलं म्हणून ते फाइलमध्ये घेतलं आणि तिथेच पहिली गाठ सुटली. काही रनरवर (जॉब चालवणाऱ्या मशीनवर) क्यूएमू सांगत होता की केव्हीएम (व्हीएम खऱ्या सीपीयूवर वेगात चालवायची लिनक्सची सोय) मिळत नाहीये, टीसीजीवर (सॉफ्टवेअरमधल्या हळू पर्यायावर) जातोय. म्हणजे ते रनर स्वतःच क्लाउडमधल्या व्हीएम होत्या, त्यांना नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (व्हीएमच्या आत व्हीएम वेगात चालवायची सोय) दिलेलंच नव्हतं, आणि आमच्या कमांडमध्ये "केव्हीएम नसेल तर टीसीजी" असा पर्याय असल्यामुळे क्यूएमू एरर देऊन थांबायच्या ऐवजी प्रत्येक इन्स्ट्रक्शन सॉफ्टवेअरमध्ये भाषांतर करून चालवत बसला होता. अशा वेळी दहापट हळू चालणं काही विशेष नाही. केसेल्फटेस्टमध्ये प्रत्येक टेस्टला मुळात ४५ सेकंदांचाच वेळ असतो, त्यात कोण कुठे बसणार. जॉब ज्या रनरवर पडेल त्यावर निकाल, म्हणून परत चालवलं की हिरवं!

त्यानंतर तुम्ही सांगितलेली ओळखायची खूण मी आता सगळ्यांना सांगते. एक्स८६ (इंटेल-एएमडी प्रकारच्या) गेस्टच्या, म्हणजे आतल्या व्हीएमच्या, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) अगदी सुरुवातीला "हायपरव्हायजर डिटेक्टेड: केव्हीएम" ही ओळ आहे का बघायची, नसली तर पुढचं काही वाचायच्या आधी होस्ट, म्हणजे व्हीएम ज्याच्यावर चालते ते मशीन, तपासायचा. आता आमची स्क्रिप्ट ही ओळ शोधते आणि नसेल तर रन फेल न म्हणता इन्फ्रा एरर (मशीनचा दोष) म्हणून वेगळा टाकते. आणि कमांडमधला तो टीसीजीचा पर्याय काढूनच टाकला, केव्हीएम नाही तर चालूच नको.

खरं तर इथे तुम्ही थांबला असतात तरी चाललं असतं, कारण निम्म्याहून जास्त लाल गेलंच होतं. पण आरसीयू स्टॉल अजून येत होते आणि तेही केव्हीएमवाल्या मशीनवर. मग तुम्ही जे समजावलंत ते मला कुठल्याही कोर्समध्ये कुणी समजावलं नव्हतं. गेस्टचा सीपीयू म्हणजे होस्टवरचा एक साधा थ्रेड. होस्टने त्याला वेळच दिला नाही तर गेस्टला ते कळत नाही, भूल उतरून जागा झालेला माणूस घड्याळ बघून गोंधळतो तसं त्याचं होतं. मधे वेळ गेलेला असतो, आणि कर्नलचा वॉचडॉग (पहारेकरी) म्हणतो की हा सीपीयू अडकला होता. सॉफ्ट लॉकअपची मर्यादा मुळात २० सेकंद, आरसीयू स्टॉलची २१, तेवढा वेळ थ्रेड होस्टवर चालला नाही की झाली बोंब, गेस्टमध्ये काहीही बग नसताना.

पण खोटा स्टॉल आणि खरा स्टॉल वेगळे कसे करायचे? तुम्ही म्हणालात की जमवलेले सगळे स्टॅक ट्रेस (त्या क्षणी कर्नल कुठल्या फंक्शनमध्ये होता त्याच्या याद्या) शेजारी शेजारी ठेव. खरा बग असेल तर बहुतेक वेळा तेच फंक्शन, तोच लॉक पुन्हा पुन्हा दिसेल, आणि होस्टच उपाशी ठेवत असेल तर दर वेळी वेगळीच जागा, कधी मेमरी कॉपी, कधी आयडल लूप, कधी प्रिंट करता करता. आम्ही ठेवले आणि खरंच दोन ट्रेस एकसारखे नव्हते. मग गेस्टमधला स्टील टाइम (होस्टने सीपीयू न दिल्यामुळे वाया गेलेला वेळ) बघितला, तो तर अगदी किरकोळ! मी म्हटलं संपलं, होस्ट निर्दोष आहे. तुम्ही मात्र लगेच होस्टवरचं व्हीएमस्टॅट (मेमरी आणि स्वॅपचे आकडे दाखवणारी कमांड) मागितलंत. कारण केव्हीएममध्ये स्टील टाइम मोजतो तो थ्रेड रांगेत उभा राहिल्याचा वेळ, थ्रेड जर स्वॅपमधून (रॅम पुरली नाही म्हणून डिस्कवर टाकलेल्या मेमरीतून) पान यायची वाट बघत झोपला असेल तर तो वेळ त्यात येतच नाही. आणि व्हीएमस्टॅटमध्ये स्वॅप-इन स्वॅप-आउटचे आकडे बघून तुम्हाला काय वाटलं असेल ते तुम्हीच जाणे, मला तर रडू यायचं बाकी होतं इतकं हलकं वाटलं. झालं असं होतं की केसॅन (कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालू केल्यावर गेस्ट ओओएम व्हायला (मेमरी संपून पडायला) लागले म्हणून त्यांची मेमरी वाढवलेली, केसॅनला दर आठ बाइटमागे एक बाइट सावलीसाठी (मेमरीची नोंद ठेवायला) लागतो आणि वर बाकीचा खर्च असतो त्यामुळे ती वाढवणं बरोबरच होतं, पण होस्टची रॅम तेवढीच राहिली, आणि त्याच होस्टवर त्याच वेळी दुसऱ्या ब्रँचचा बिल्ड सगळे कोअर घेऊन चाललेला असायचा. आता बिल्ड आणि टेस्ट वेगळ्या मशीनवर आहेत, आणि गेस्टच्या मेमरीची बेरीज होस्टच्या रॅमच्या आत ठेवलीये.

दोन छोट्या गोष्टी पटकन सांगून टाकते कारण त्या लोकांना लगेच करता येतील. कर्नलच्या कमांड लाइनवर पॅनिकची किंमत उणे एक द्या (पॅनिक म्हणजे कर्नल कोसळणं, उणे एक म्हणजे लगेच रीबूट) आणि क्यूएमूला नो-रीबूट सांगा, म्हणजे पॅनिक झालं की क्यूएमू लगेच बाहेर पडतो, नाहीतर तो तसाच पडून राहतो आणि शेवटी सगळंच टाइमआउट म्हणून नोंदलं जातं. दुसरं म्हणजे टेस्टचा निकाल आणि कर्नलचे मेसेज एकाच सीरियल पोर्टवर पाठवू नका, "ओके"च्या ओळीच्या मधोमध कर्नलचा मेसेज घुसला की पार्सर ती टेस्ट हरवली असं समजतो. आम्ही निकालांसाठी वेगळं व्हर्टिओ चॅनल (गेस्टमधून होस्टकडे जायची वेगळी वाट) दिलं आणि "हरवलेल्या" टेस्ट सापडल्या.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र आहे. हे सगळं साफ झाल्यावर डॅशबोर्ड जवळजवळ हिरवा झाला आणि एकच लाल शिल्लक राहिलं. क्वचित येणारं, आमच्याच ड्रायव्हरच्या अनलोडमध्ये, केसॅनने पकडलेला यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे सोडून दिलेली मेमरी वापरणं. आधी ते त्या सगळ्या गर्दीत होतंच, कुणी बघितलं नव्हतं इतकंच, आणि स्किप लिस्टमध्ये जायच्या यादीत ती टेस्टसुद्धा होती ताई! केसॅनचा रिपोर्ट कसा वाचायचा ते तुम्ही स्क्रीन शेअर करून आमच्या दोन नवीन मुलांना शिकवलंत. पहिला स्टॅक वापर कुठे झाला, दुसरा मेमरी घेतली कुठे, तिसरा सोडली कुठे, आणि बहुतेक वेळा उत्तर पहिल्या आणि तिसऱ्याच्या मधे सापडतं. पत्त्यांवरून फाइल आणि ओळ काढायला कर्नलच्याच स्क्रिप्टमधलं डीकोड-स्टॅकट्रेस वापरायचं, त्यासाठी त्याच बिल्डचा डीबग माहितीसकट व्हीएमलिनक्स (बिल्डमधून निघालेली कर्नलची फाइल) जपून ठेवायचा, हेही तेव्हाच. आता प्रत्येक रात्रीचा व्हीएमलिनक्स आम्ही ठेवतो.

बग दिसायचा फक्त तेव्हा, जेव्हा होस्टवर ताण असायचा. मशीन पूर्ण मोकळं केलं आणि तो गायबच झाला, आणि तेव्हा टीममध्ये परत कुणीतरी म्हणालंच की मग हाही व्हीएमचाच दोष. त्या दिवशी तुम्ही जे सांगितलंत त्याने माझी या कामाकडे बघायची पद्धतच बदलली. हळू व्हीएम खोटे स्टॉल दाखवते हे खरं, पण सोडून दिलेली मेमरी वापरायला कुठलीही व्हीएम ड्रायव्हरला भाग पाडत नाही, ती फक्त दोन गोष्टींच्या मधली फट रुंद करते, फट कोडमध्ये असतेच. म्हणून ताण काढून टाकू नका, मुद्दाम द्या. टास्कसेट कमांडने गेस्टचे चारही सीपीयू होस्टच्या एकाच कोअरवर बांधायला लावलेत आणि क्वचित येणारा बग साधारण तीनातून एकदा यायला लागला.

मग गिट बायसेक्ट, म्हणजे कोडमधल्या कुठल्या बदलापासून (कमिटपासून) बग आला ते अर्धं-अर्धं करत शोधणं. त्यातही तुम्ही आधीच सावध केलंत की तीनातून एकदा पडणाऱ्या टेस्टला एकदा पास झाली म्हणून "गुड" म्हणायचं नाही. सलग दहा वेळा पास झाली तरच गुड, कारण बग असूनही दहाच्या दहा वेळा पास व्हायची शक्यता दोन टक्क्यांच्या आत येते, आणि बिल्डच झाला नाही तर स्क्रिप्टने १२५ परत करायचा म्हणजे बायसेक्ट तो कमिट सोडून देतो. रात्रभर चाललं आणि सकाळी एका कमिटवर येऊन थांबलं, ज्यात टायमरचं थोडं काम वर्कक्यूमध्ये (कर्नलच्या नंतर करायच्या कामांच्या रांगेत) हलवलं होतं. टायमर वर्कक्यूला काम देतो, वर्कक्यू परत टायमर लावतो, आणि अनलोडमध्ये आपण टायमर थांबवला तरी मागून वर्कक्यू त्याला पुन्हा लावतो, तोवर मेमरी सोडलेली. याच प्रकारासाठी ६.२ कर्नलमध्ये, म्हणजे फेब्रुवारी २०२३ मध्ये, टायमर-शटडाउन-सिंक हे फंक्शन आलं, ते एकदा बोलावलं की नंतर कुणी टायमर लावायचा प्रयत्न केला तरी तो लागत नाही. नवीन कर्नलसाठी ते वापरलं, जुन्यासाठी टायमर परत लावायच्या आधी तपासायचा एक फ्लॅग ठेवला.

ताई, हा ड्रायव्हर हॉस्पिटलांच्या सर्व्हरमध्ये जातो, म्हणून मी इतकी भावूक होतेय. तिथे हा बग कधीतरी पॅनिक होऊन आला असता, आणि तेव्हा आमच्या हातात लॉगही नसता. पॅचमध्ये तुमच्या नावाने सजेस्टेड-बायची (कुणी सुचवलं त्याच्या श्रेयाची) ओळ घालू का विचारलं तर तुम्ही नको म्हणालात, ऑफिसचे नियम असतील, मी आग्रह केला नाही. पण त्या स्किप लिस्टमध्ये आज एकही नाव नाही, आणि नवीन टेस्ट तिथे घालायची असेल तर कारण आणि पूर्ण लॉग जोडावा लागतो असा नियम आम्ही केलाय, त्याच्यावर सगळ्यांनी सही केलीये, स्किप करा म्हणणाऱ्या आमच्या मॅनेजरनेसुद्धा.

त्या दोन नवीन मुलांपैकी एकीने परवा एआरएम६४ या दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरवरचा एक स्टॉल एकटीने सोडवला. ट्रेस शेजारी शेजारी ठेवले, व्हीएमस्टॅट काढलं, आणि मला विचारलंसुद्धा नाही. ती तुम्हाला लिहिणारच आहे, मी फक्त आधी कळवतेय. तुम्ही दिलेल्या सगळ्या संध्याकाळींबद्दल आम्हा सगळ्यांकडून खूप खूप आभार, आणि पुण्यात आलात की घरी जेवायला यायचंच आहे, आईने तुमच्यासाठी पुरणपोळीचं कबूल केलंय.

तुमची,
रात्रीच्या टेस्ट सांभाळणारी पुण्याची मैत्रीण