परदेशी पाठवता, तर तिथले राहणेही शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्य शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून आमच्या दारव्हा तालुक्यातही जर्मन शिकणारी मुले दिसू लागली आहेत. कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेल्या घरातले पोर बाहेर पडते, याचा आनंदच आहे. मात्र या मुलांकडून व्याकरण घोटून घेतले जाते, मुलाखतीची तयारी होते आणि तिथले पहिले दोन महिने कसे काढायचे याबद्दल अवाक्षरही निघत नाही, म्हणून हे पत्र.

माझा पुतण्या त्या राज्याच्या राजधानीत, श्टुटगार्टला, एका रुग्णालयात परिचारक आहे. गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे अडीच महिने राहून मृगाआधी गावी परतलो. नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नागरी कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते, एवढे त्याला ठाऊक होते. पण इमारतीच्या दाराशी टपालपेट्यांची जी ओळ असते, तिच्यातल्या आपल्या पेटीवर आपले आडनाव चिकटवायचे असते, हे कोणी सांगितले नव्हते. बँकेचे कार्ड एका लिफाफ्यातून येते, गुप्त क्रमांक दुसऱ्या लिफाफ्यातून आणि कर क्रमांकही टपालानेच. पेटीवर नाव नाही म्हणून पत्रे आल्या वाटेने परत गेली आणि सोबत्याकडून उसने घेऊन पोराने तीन आठवडे काढले. आमचा पोस्टमन 'अमक्याचा नातू' एवढ्यावर पत्र घरी आणून देतो. तिथे दोन बोटे रुंदीच्या चिठ्ठीवाचून माणूस त्या घरात राहतच नाही, असे धरले जाते.

भाषेचेही तसेच. पुस्तकी जर्मनची परीक्षा तो चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला होता. पण वॉर्डातले म्हातारे बोलत श्वेबिश, म्हणजे तिकडची बोली. आपले 'काहून' ऐकून पुण्याचा पाहुणा जसा गोंधळतो, तसा तो महिनाभर गोंधळलेला होता. हे आधी सांगून ठेवले असते, तर आपल्यालाच काही येत नाही असे त्याने मनाला लावून घेतले नसते.

त्याच्या दाराला एके सोमवारी एक पाटी लटकलेली मी पाहिली. त्या भागात 'केअरवोखे' म्हणून जुनी रीत आहे. पाटी ज्याच्या दारी, त्याने त्या आठवड्यात जिना झाडून-पुसून काढायचा आणि मग ती शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची. (शब्दातला 'केर' ऐकून मला हसू आले. अर्थही जवळपास तोच आहे.) पुतण्याने पहिल्या वेळी ती पाटी शोभेची समजून तशीच राहू दिली होती, तेव्हापासून खालच्या मजल्यावरच्या आजी त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. गाडगेबाबांच्या वऱ्हाडातल्या पोराला झाडू धरायची लाज नव्हती, पाळी आपली आहे हे कळायला हवे होते. रविवारी दुकाने बंद, रात्री दहानंतर आवाज नाही, या गोष्टी तो आठवडाभरात शिकला.

'जाईल तो शिकेल' असे काही जण म्हणतात. शिकतोच, पण शिकेपर्यंत कर्जाचा हप्ता थांबत नाही आणि घरी खरे सांगवत नाही. माझी विनंती एवढीच, की जर्मनच्या प्रत्येक वर्गाच्या शेवटी दोन दिवस केवळ या व्यवहारासाठी ठेवावेत, ते तिथे राहून आलेल्यांनी घ्यावेत आणि एक दिवस आईवडिलांनाही बोलवावे. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असते, हिवाळ्यात साडेचार. माझी वहिनी सकाळी सहाला हौसेने फोन लावी, तेव्हा तिथे मध्यरात्र उलटलेली असे.

तालुक्यातील कोणत्याही वर्गाला रविवारी दुपारी दोननंतर व्हिडिओ कॉलवरून हे सारे सांगण्याची पुतण्याची तयारी आहे. रुग्णालयात पाळी नसली, की रविवारी तो घरीच असतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ