मंत्रीमहोदय, एकदा जुलैत बेळगावला या

मा. नगरविकास मंत्री, कर्नाटक राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सीमाप्रश्नावर नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये निवृत्त कन्नड मास्तर राहतात. आमचं दोघांचं फारशा गोष्टींवर जमत नाही. पण गावात उभ्या राहणाऱ्या अपार्टमेंटचा विषय निघाला की दोघंही एकच बोलतो. टिळकवाडीतली असो, अनगोळची असो, नाहीतर सदाशिवनगरची. खाली खांबांवर पार्किंग, वर सपाट भिंत, समोर एसीपी शीटची (ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकच्या थरांचा पत्रा) एक उभी राखाडी पट्टी, आणि नाव काहीतरी रेसिडेन्सी किंवा हाइट्स. (या नावांत ना मराठी ना कन्नड, तेवढा वाद तरी मिटला.) फोटो काढून दाखवला तर ती इमारत बेळगावची की हुबळीची की पुण्याची, हे सांगता येणार नाही.

शहापुरात आमचं कौलारू घर होतं. शहापूर म्हणजे १९४८ पर्यंत सांगली संस्थानातली पेठ, विणकरांची. घर चिऱ्यांचं, पुढे ओटा, मग सोपा, मागे परसू. कौलं खानापूरची. ते घर फार सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. दर मे महिन्यात शाकारणी, वाशांना वाळवी, मांजरं कौलं सरकवायची ती वेगळीच. तिघा भावांच्या वाटण्या झाल्या आणि आम्हीच ते बिल्डरला दिलं. त्यामुळे दोष फक्त दुसऱ्यांना देण्याचा अधिकार मला नाही.

पण त्या घराला एक गोष्ट कळत होती: बेळगावात पाऊस कुठून येतो. वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पडतो, जुलैत तर पश्चिमेकडून आडवा मारतो. म्हणून कौलांची वळचण भिंतीपासून हात-दीड हात पुढे यायची. पाणी ओट्याच्याही पलीकडे पडायचं. आता चौथ्या मजल्यावर माझ्या पश्चिमेच्या खिडकीला छज्जाच नाही. बिल्डरला विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "काका, एलिव्हेशन क्लीन दिसतं." एलिव्हेशन म्हणजे इमारतीची दर्शनी बाजू. पावसाळाभर त्या क्लीन एलिव्हेशनवरून पाणी सरळ चौकटीत उतरतं आणि आम्ही खिडकीत जुनी लुगडी पिळून ठेवतो. दुसऱ्या वर्षीच भिंतीवर काळे ओघळ आले. नवी इमारत आणि तिचं तोंड शेवाळलेलं.

दुसरी गोष्ट ओट्याची. कडोलीहून भाजी घेऊन येणाऱ्या मावशी आमच्या ओट्यावर बुट्टी उतरवायच्या, पाणी प्यायच्या, गल्लीतल्या चार बायका तिथंच जमायच्या. आता त्या गेटबाहेर उन्हात उभ्या राहून हाक मारतात, वॉचमन इंटरकॉमवर सांगतो, आणि आमची सून पिशवी देऊन लिफ्टनं कुणाला तरी खाली पाठवते. गल्लीच्या बाजूला इमारतीला आहे काय, तर गाड्यांची तोंडं आणि जनरेटर. संध्याकाळी गल्लीत चालताना घरांतला उजेड अंगावर पडत नाही.

नकाशा मंजूर होतो तेव्हा सेटबॅक (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) मोजतात, एफएआर (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम) मोजतात, उंची आणि पार्किंग मोजतात. मोजायलाच हवं. पण भिंतीवरचं पाणी कुठं जाणार आणि इमारत रस्त्याकडे तोंड करून आहे की पाठ, हे त्याच कागदावर का विचारू नये? पश्चिमेच्या खिडक्यांवर दोन फुटी छज्जा आणि त्याच्या खालच्या काठाला पाणी तोडणारी खाच, याला किती सिमेंट लागतं? तळमजल्याच्या दर्शनी भागात थोडी जागा बसायला, दुकानाला किंवा निदान पायरीला सोडली, तर दोन गाड्या मागे लावाव्या लागतील, एवढंच. शहापूर, वडगाव, खडेबाजार या जुन्या पेठांसाठी वेगळे नियम करा. मला काही सगळीकडे खोटी कौलं आणि कमानी चिकटवायला नकोत. ते तर एसीपीपेक्षाही वाईट दिसेल. चिरा आमच्याकडे आजही मिळतो, तो वापरणारे गवंडीही आहेत. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत बेळगावचं नाव आलं, रस्ते खोदले, दिवे लावले. इमारतींकडे मात्र कुणी मान वर करून पाहिलं नाही.

शासनाला हे कळत नाही असंही नाही. हलग्याच्या टेकडीवर २०१२ मध्ये सुवर्णसौध, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाची इथली इमारत, उभा राहिला तेव्हा तो कसा दिसावा, लांबून कसा ओळखू यावा, याचा विचार झालाच होता ना? त्या विचाराचा दहावा हिस्सा आमच्या गल्लीच्या वाट्याला यावा, एवढंच मागणं आहे.

अधिवेशनासाठी आपण येता ते डिसेंबरात. तेव्हा हवा छान असते आणि भिंती वाळलेल्या असतात. एकदा जुलैत या. मास्तर कॉफी करतील, खिडकी मी दाखवतो.

आपला,
शहापूर, बेळगाव येथील एक रहिवासी