पेन्सिलीने काढलेल्या दोन झाडांबद्दल

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

मराठी शब्दांत लिहायच्या आमच्या छोट्या प्रोग्रामिंग भाषेचा इंटरप्रिटर (प्रोग्राम वाचून लगेच चालवणारा प्रोग्राम) आता हिशेब, जर-नाहीतर, जोपर्यंत आणि फंक्शन एवढं सगळं नीट चालवतो. पायथनच्या जेमतेम ९०० ओळी. त्यातली एकही ओळ तुम्ही लिहून दिली नाहीत, आणि आभार मानायचे आहेत ते त्याचेच. गंगापूर रोडवरच्या तुमच्या घरी, रविवारी सकाळी, छापील कोडवर पेन्सिल टेकवून तुम्ही चूक जिथे जन्मते ती जागा दाखवलीत.

‘दाखव १० - ४ - ३’ याचं उत्तर ३ हवं, येत होतं ९. वजाबाकीचं चिन्ह दिसलं की पार्सर (वाक्याची रचना ओळखणारा भाग) उजवीकडचं सगळं पुन्हा त्याच फंक्शनकडे सोपवत होता. म्हणजे आधी ४ - ३, मग १० - १. तुम्ही बरोबर आणि चुकीच्या क्रमाची दोन्ही झाडं, म्हणजे कुठला हिशेब आधी होतो ते दाखवणाऱ्या फांद्यांच्या आकृत्या, शेजारी शेजारी काढलीत आणि विचारलंत, चाचण्यांत हे का सापडलं नाही? कारण सगळ्या चाचण्या बेरजेच्या होत्या. २ + ३ + ४ दोन्ही झाडांत ९ च येतात. आता तिथे लूप आहे: डावी बाजू वाचायची, चिन्ह मिळत राहील तोवर उजवीकडचा एकच घटक घ्यायचा आणि आतापर्यंतचं झाड नव्या नोडच्या (झाडातल्या गाठीच्या) डाव्या हाताला टांगायचं. घातांक तेवढा उजवीकडूनच सोडवायचा; २ ** ३ ** २ (** म्हणजे घातांक) हे ५१२ यायला हवेत, ६४ नव्हे.

खरं ऋण मात्र ‘दुसऱ्या’ या शब्दाचं आहे. लेक्सरमध्ये (मजकुराचे शब्द आणि चिन्हं असे तुकडे करणाऱ्या भागात) अक्षर ओळखायला पायथनचं इझअल्फा वापरलं होतं. ते मात्रेला आणि हलन्ताला अक्षर मानत नाही, त्यामुळे ‘मात्रा’ हे नाव म नंतरच तुटायचं. युनिकोडच्या वर्गवारीत अक्षर आणि चिन्ह हे दोन्ही वर्ग चालवून घेतले, तेव्हा हे सुटलं. तरीही पंचवटीतल्या मुलांनी फोनवर टाइप केलेला प्रोग्राम लॅपटॉपवर पुढे वाढवला की ‘हे नाव सापडलं नाही’ असा निरोप यायचा. पडद्यावर दोन्ही ‘दुसऱ्या’ हुबेहूब सारखे! तुम्ही सांगितलंत, लांबी मोजा. एक ७ भरला, दुसरा ८. पहिल्यात ऱ हा युनिकोडचा एकच स्वतंत्र क्रमांक होता. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. हे जोडचिन्ह लेक्सर अडवतो म्हणून आम्हीच ते नावांत चालू दिलं होतं, आणि तिथेच एका नावाची दोन नावं झाली. र आणि नुक्ता अशी तिसरीही रीत आहे. ती एनएफसी (युनिकोडच्या ठरावीक जोडलेल्या) रूपात आणलं की आपोआप ऱ होते, जोडचिन्हाची होत नाही; ती बदली हाताने लिहावी लागते. आणि फक्त नावांत. अवतरणातला मजकूर मुलांनी लिहिला तसाच राहिला पाहिजे, हा तुमचा आग्रह आम्हाला फार मोलाचा वाटतो.

बाकीच्या खुणाही कामी आल्या. फंक्शन बाहेरची नावं जिथे शोधतं तो पालक-परिसर जिथून बोलावलं तिथला नव्हे, जिथे लिहिलं तिथला, हे दुरुस्त झालं. प्रत्येक टोकनबरोबर (लेक्सरने केलेल्या तुकड्याबरोबर) ओळीचा क्रमांक ठेवला. ‘परत’ आता एक्सेप्शन (चालू काम मध्येच थांबवणारा इशारा) फेकून बाहेर येतो, म्हणून तीन लूपच्या आतूनही सुटतो. पायथनची रिकर्शनची (एकात एक कॉल करत जाण्याची) मर्यादा मुळात १००० असते आणि आमच्या एका कॉलमागे पायथनचे पाच-सहा कॉल खर्ची पडतात. दोनशेच्या आतच प्रोग्राम कोसळायचा आणि मुलांसमोर पानभर इंग्रजी यायचं. ती चूक आता पकडतो आणि ‘ओळ १२: फंक्शन स्वतःलाच बोलावत राहिलं’ एवढंच मराठीत सांगतो.

तुमची ती दोन झाडं चाचण्यांच्या फाइलच्या पहिल्याच ओळींत अक्षरांनी काढून ठेवली आहेत.

पुढच्या रविवारी यादीचा कोड छापून आणतो. मोजणी सध्या ० पासून आहे. पाचवीतल्या मुलांसाठी ती १ पासून करावी का, यावर तुमच्याशी बोलायचं आहे.

तुमचे,
भाषेवर काम करणारे आम्ही दोघे
नाशिक