बॅगेतून औषध पाठवणार नाही

मँचेस्टर,
रविवार

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

वहिनी, तुमचा निरोप मिळाला. सईला चाई पडलीये, डोक्यावर केस जाऊन चट्टे झालेत, दादाचंही टक्कल वाढतंय, तर नाशिकला येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून ‘तिकडचं नवीन औषध’ दोघांना पुरेल एवढं पाठव. मी काही पाठवणार नाहीये. रागावण्याआधी हे वाचा. फोनवर दादा बोलू देत नाही म्हणून लिहितेय.

बापलेकीचा आजार एक नाही. दादाचं टक्कल अण्णांकडून आलंय, मामांचाही हातभार असेल. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून (हॉर्मोनपासून) डीएचटी नावाचं आणखी एक संप्रेरक तयार होतं. ज्यांची केसांची मुळं त्याला हळवी असतात, त्यांचा केस दर खेपेला आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो. सईचं तसं नाही. तिच्या शरीरातल्या संरक्षक पेशीच तिच्या केसांच्या मुळांवर धावून जातात. सूक्ष्मदर्शकाखाली मुळाभोवती मोहोळ उठल्यासारखं दिसतं. पण मूळ मरत नाही. हल्ला थांबला की केस परत येतात, कधी कधी तर कित्येक वर्षांनी.

तुम्ही ऐकलेलं औषध बहुधा बॅरिसिटिनिब. मूळचं संधिवाताचं. २०२२ साली अमेरिकेत चाईसाठी मंजूर झालं, पण निम्म्याहून जास्त डोकं मोकळं झालेल्या मोठ्या माणसांवर तपासून. ३६ आठवड्यांत साधारण तिघांपैकी एकाचे केस बऱ्यापैकी भरून आले. नकली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात तीन ते सहा. २०२३ साली रिटलेसिटिनिब आलं, ते बारा वर्षांपुढच्या मुलांनाही देतात, मात्र आजार तीव्र असेल तरच. ही औषधं प्रतिकारशक्तीला लगाम घालतात. सुरू करण्याआधी टीबीची तपासणी, रक्ताच्या चाचण्या, सगळं करावं लागतं. टीबी अंगात लपून असेल तर तो उफाळू शकतो, आणि आपल्याकडे ही शंका घ्यायलाच हवी. सईला तर रुपयाएवढे दोनच चट्टे आहेत. असे चट्टे पुष्कळदा वर्षभरात आपले आपण भरतात. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, ते लावायला मलम देतील.

काकू कांदा चोळ म्हणाल्या ना? हसू नका, बगदादच्या डॉक्टरांनी २००२ साली हा प्रयोग छापला होता. रस लावलेल्या २३ जणांपैकी २० जणांना केस आले, नळाचं पाणी लावलेल्या १५ पैकी दोघांनाच. लासलगावचे व्यापारी खूश होतील. पण मला हा निकाल पटत नाही. डोक्याला कांदा लावलाय की पाणी, हे रुग्णाच्या नाकाला पहिल्याच दिवशी कळतं, मग निःपक्ष तुलना कशी होणार? शिवाय आकडेही लहान. सईची कातडी मात्र नक्की जळजळेल. आणि रामकुंडावर मुंडन केलं की दाट केस येतात, हेही कुणी सुचवलं तर ऐकू नका. वस्तरा वरचा केस कापतो, मूळ कातडीच्या आत असतं, त्याला पत्ताही लागत नाही.

दादा, आता तू. मिनॉक्सिडिल ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस उगवायला लागले, म्हणून तिचं डोक्याला लावायचं औषध झालं. १९८८ साली अमेरिकेत मंजूर. फिनास्टेराइडची गोष्ट आणखी मजेशीर. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत डीएचटी तयार करणारं विकरच (एन्झाइम) जन्मतः कमी असतं, असं १९७४ साली प्रसिद्ध झालं. त्या पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. त्यावरून तेच विकर रोखणारी ही गोळी निघाली, १९९७ साली टकलासाठी मंजूर झाली. दोन्ही औषधं नाशिकमध्ये मिळतात, पण बंद केली की राखलेले केस पुन्हा जातात. काहींना फिनास्टेराइडने लैंगिक तक्रारी होतात, तेव्हा मेडिकलवाल्याला नाही, डॉक्टरांना विचार.

‘इतकी वर्षं तिथे बसून तुम्ही करता काय?’ असं तू विचारशीलच. आमच्या प्रयोगशाळेत शस्त्रक्रियेत उरलेली कातडी येते, अर्थात रुग्णाच्या संमतीने. तिच्यातून एकेक मूळ चिमट्याने सोडवून पोषक द्रवात ठेवतो. ते काही दिवस जगतं आणि रोज सुमारे पाव मिलिमीटर केस वाढवतं. त्यावर औषधं तपासतो. उंदरांवर भरवसा कमी, कारण त्यांना तुझ्यासारखं टक्कल पडत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. मुळाच्या तळाशी ज्या पेशी ‘केस उगव’ असा हुकूम देतात, त्या बाहेर काढून वाढवल्या की हुकूम द्यायचंच विसरतात. हे सुटलं तर नवीन केस हवे तेवढे पेरता येतील. अजून सुटलेलं नाही, म्हणून जाहिरातीतल्या ‘स्टेम सेल’वाल्यांना एक पैसाही देऊ नकोस.

सईचा फोटो महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच उजेडात काढून मला पाठवा. चट्टे वाढले किंवा भुवया जायला लागल्या तर लगेच कळवा, मग मी डॉक्टरांशी स्वतः बोलेन. शाळेत कुणी चिडवत असेल तर वहिनी, बाईंना सांगा की हे लागण होणारं नाही.

आईला नमस्कार. बॅगेतून चॉकलेटं पाठवतेय, ती सगळी सईची.

तुमची,
मनू